आजीला कसं कळलं?

लिस्बन, श्रावणातला रविवार

प्रिय बाय,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. मागे गोव्याचा पाऊस, आजीचा कुकर आणि मध्ये तुझा वकिली आवाज: "बाबा, आजी म्हणते जगात सगळ्यात गोड भाषा मराठी. पण तिला मराठी आणि कोंकणी सोडून एकही भाषा येत नाही. मग तिला कसं कळलं?" आणि शेवटी, आवाज बारीक करून, इथल्या वर्गातली मैत्रीण काय म्हणाली होती ते. आपण फोनवर घरच्यांशी बोलतो तेव्हा भांडतोय असंच तिला वाटतं म्हणे.

आधी आजीचं बघू. उद्या दिवसभर ती कोणाशी कोणत्या भाषेत बोलते ते मोज. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पदेराशी, मग सिलिंडरवाल्याशी, आजोबांशी (चष्मा कुठे ठेवला यावरून), श्रावण संपला की नुस्तेकान्नीशी (मासेवालीशी) बांगड्यांच्या वाट्यावरून, सगळं कोंकणीत. तिन्हीसांजेला देवघरात दिवा लावला की मराठी. हरिपाठ मराठीत, शुक्रवारची कहाणी मराठीत, चवथीच्या आरत्या मराठीत, वर्तमानपत्र मराठी आणि जत्रेतलं नाटकही मराठी. फोंड्याकडच्या आपल्यासारख्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलंय. १९८७च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठी वापरायलाही मुभा राहिली. त्यावर आजोबा आणि शेजारचे काका अख्खी दुपार जाळू शकतात, म्हणून जेवताना तो विषय काढू नकोस.

तर आजीकडे मराठी येते ती न्हाऊन, कुंकू लावून. बांगड्यांच्या भावावरून ती आयुष्यात कधी मराठीत भांडलेली नाही. गोड लागणारच गे! तिला एकदा पुण्याच्या मंडईत नेऊन उभी केली पाहिजे.

आजोबांची गोष्ट उलटी. त्यांची प्राथमिक शाळा पोर्तुगीज. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्यांच्या लहानपणी पोर्तुगीज म्हणजे मास्तरांची छडी आणि कचेरीत टोपी काढून उभे राहिलेले वडील. इथे लोक फादोची गाणी ऐकताना डोळे मिटतात, आजोबांच्या कपाळाला आठी पडते. मजा म्हणजे बेरीज-गुणाकार मात्र ते अजून त्याच भाषेत पुटपुटतात. सात आठे किती विचार आणि ओठांकडे बघ: "सेत व्हेझिश ओयतु…"

तुझ्या वर्गातही हेच चालतं ना? ब्राझीलची मुलं म्हणतात इथले लोक स्वर गिळतात आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी 'श' करतात. इथली मुलं म्हणतात ब्राझीलवाले बोलत नाहीत, गातात. भाषा एकच, तरी.

आता एका माणसाबद्दल सांगतो. तू गोव्यात आहेस आणि मी लिस्बनमध्ये, म्हणून तो मला हल्ली फार आठवतो. ४ एप्रिल १५७९ रोजी याच तेजो नदीच्या काठावरून थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री जहाजात बसला आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरला. पुढचं सगळं आयुष्य त्याने तिथेच, बरंचसं दक्षिण गोव्यातल्या साष्टीत काढलं. त्या वेळी साष्टीतली देवळं पाडून झाली होती. आपली म्हाळसासुद्धा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली ती त्याच धामधुमीत. ते सगळं मी त्याला माफ करतोय असं समजू नकोस, पण त्याचे कान मला आवडतात.

१५८३ मध्ये त्याने आपल्या भावाला पत्र लिहिलं. इकडच्या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार काही वाईट वाटत नाही आणि घडण लॅटिन-ग्रीकसारखी आहे, अशा अर्थाचं. 'वाईट वाटत नाही'! पाहुण्याने आमटीला द्यावं तसं प्रशस्तिपत्रक. चार वर्षं झाली होती त्याला येऊन.

मग १६१६ साली रायतूरला त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी आणि लिपी रोमन, कारण छपाईला देवनागरीचे खिळे नव्हते. शुद्ध मराठी सगळ्यांना कळणार नाही म्हणून त्यात तिथल्या बोलीतले शब्द त्याने मिसळले. त्यात तो म्हणतो:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा ।
कि रत्नांमाजि हिरा निळा ।
तैसी भाषांमाजि चोखळा ।
भाषा मराठी ॥

पुढे फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी साजिरी, असंही आहे. 'वाईट नाही'पासून मोगरीपर्यंत तेहतीस वर्षं गेली. मराठी तीच होती. मधल्या काळात तो ती ऐकत राहिला असेल, चुकत असेल, कोणीतरी हसलं असेल, आणि ओव्या रचता रचता त्याला ती आतून कळली.

ती ओवी मोठ्याने म्हण. किळा, निळा, चोखळा. तुझ्या मैत्रिणीला जो 'ळ' तोंडात गोटी ठेवल्यासारखा वाटतो, तोच त्या परक्या माणसाने स्तुतीच्या यमकाला घेतला. त्याच्या मातृभाषेत तो नव्हताच. त्यामुळे 'ळ' कर्कश आहे असं कोणी म्हटलं की मी वाद घालत नाही, नुसती ही ओवी म्हणून दाखवतो.

तुला पुरावे लागतात, तर ऐक. २०२३ साली काही संशोधकांनी २२८ भाषांचे तुकडे ८२० जणांना ऐकवून सौंदर्याला गुण द्यायला सांगितले. ऐकणारे इंग्रजी, चिनी आणि अरबी-हिब्रूच्या कुळातल्या भाषा बोलणारे होते. तुकडे घेतले होते ख्रिस्ताच्या जीवनावरच्या एका चित्रपटाच्या भाषांतरांतून, म्हणजे विषय पुन्हा स्टीफन्सचाच! भाषाभाषांत फरक पडला तो अगदी किरकोळ. भाषा ओळखीची वाटली की मात्र गुण वाढत. त्याच्याही आधी, १९७०च्या दशकात, ग्रीक अजिबात न येणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना अथेन्सची बोली आणि क्रीट बेटावरची बोली ऐकवली होती. ग्रीसमध्ये पहिली भारदस्त आणि दुसरी गावंढळ मानतात. या विद्यार्थ्यांना अथेन्सची काही जास्त गोड वाटली नाही. कोण साहेब आणि कोण शेतकरी हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. फ्रेंच न येणारा तुझा आतेभाऊ फ्रेंचवर जीव टाकतो, त्याला ते कोणीतरी सांगितलेलं आहे.

तरी सगळं सवयीवर ढकलून मोकळं व्हावं असंही मला वाटत नाही. आजी रोज अबोलीच माळते, जिला वासच नाही. म्हार्दोळात जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेला देऊळ घमघमतं, तरी तिच्या केसांत अबोलीच. का, ते मी तिला लहानपणी विचारलं होतं. "बरी दिसता," एवढंच म्हणाली.

मैत्रिणीला मात्र सांग की तिचं बरोबर आहे. मी फोनवर ओरडतोच, कारण आजोबांना ऐकू येत नाही. आणि आपल्याकडे मायेची वाक्यंही वरच्या पट्टीत असतात. मागच्या महिन्यात मार्तिम मोनीझजवळ ट्राममध्ये माझ्या मागे एक बाई फोनवर कोणाला तरी मराठीत झापत होती: "गाढवा, दोन वाजले, अजून जेवला नाहीस?" माझा थांबा आला, गेला. पुढचे दोनही गेले. आजूबाजूचे लोक तिच्याकडे त्रासून बघत होते, आणि तिने फोन ठेवू नये असं मला वाटत होतं.

चवथीला आरत्या रेकॉर्ड करून आण. फोन घुमट वाद्याच्या अगदी जवळ ठेवू नकोस, मग नुसती धबधब ऐकू येते. कांसाळ्यांच्या (झांजांच्या) बाजूलाही नको. आजीच्या मागे बस.

तुझा,
बाबा