कोल्हापूर: पाच आठवड्यांच्या बाळाला पायलोरिक स्टेनोसिस सांगितलंय, औषधानं भागेल का?
खरं सांगू? ऑपरेशनच करा. पायलोरिक स्टेनोसिस म्हणजे जठरातून आतड्यात जायच्या वाटेवरचा स्नायू जाड होऊन ती वाट अरुंद होणं. ॲट्रॉपिन हे स्नायू सैल करणारं औषध देतात काही ठिकाणी, पण त्याला वेळ फार लागतो आणि खात्री कमी.

माझ्या भाच्याचं अगदी हेच झालं. दूध पिऊन झालं की दहा मिनिटांत उलटी, तीही अशी जोरात की समोरच्या कपाटावर. पित्ताचा हिरवा रंग नाही, नुसतं फाटलेलं दूध. उलटी झाली की पठ्ठ्या परत भुकेला! आमच्या आईनं तीनदा मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेवटी राजारामपुरीत सोनोग्राफी केली. जठराच्या खालच्या तोंडाचा हा स्नायू ३ मिलिमीटरपेक्षा जाड झाला की निदान पक्कं होतं.

लगेच टेबलावर घेत नाहीत म्हणून चिडू नका. उलट्यांनी अंगातलं पाणी, क्लोराइड, पोटॅशियम कमी झालेलं असतं. ते सलाईननं भरून काढल्याशिवाय भूल देणं धोक्याचं. भाच्याला त्यात दीड दिवस गेला.

ऑपरेशन तसं छोटं. जाड झालेला स्नायू लांबीत चिरून फाकवतात, आतलं अस्तर मात्र शाबूत ठेवतात. रामस्टेट नावाच्या जर्मन सर्जननं १९१२ च्या सुमारास ही रीत सांगितली, आजही तीच चालते. दुर्बिणीतूनही करतात.

काही तासांत दूध सुरू होतं. पुढचे एक-दोन दिवस थोडी उलटी होते, त्याला घाबरू नका. आणि ऑपरेशन होईपर्यंत घुटी, ग्राइपवॉटर काही पाजू नका. लघवी कमी झाली असेल तर आजच बालशल्यचिकित्सक गाठा.