थंडीत भरवशाची पिकअप: कंपनी बघायची की आणखी काही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर पिंपळगाव बसवंतजवळ, वडिलांच्या काळापासून दारात एकाच कंपनीची गाडी. आता दीड टनाची पिकअप घ्यायची आहे, द्राक्षाच्या हंगामात वाशी आणि अधूनमधून इंदूरसाठी. भाऊ दुसऱ्या कंपनीची म्हणतो, वडील म्हणतात थंडीत पहाटे आपलीच चालू होते. कोणाचं ऐकावं?

वडिलांची निवड बरोबर असू शकते, त्यांनी दिलेलं कारण मात्र टिकत नाही.

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात आला, निफाडचा पारा 5-6 अंशांवर उतरला, की सगळ्यांना गाडीची काळजी लागते. डिझेल इंजिनाला ही थंडी किरकोळ आहे. साध्या 15डब्ल्यू-40 ऑइलमधल्या '15डब्ल्यू'चा अर्थच असा की ते उणे 20 अंशांवर स्टार्टरला इंजिन फिरवू देतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे 35 च्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. त्यामुळे 5 अंशांवर एका कंपनीची चालू होते आणि दुसरीची अडते, याला तांत्रिक आधार नाही. निफाडच्या थंडीसाठी ऑइल बदला असं कोणी सांगितलं तर तो ऑइल विकतोय.

पहाटे अडलेल्या गाडीत बहुतेक वेळा बॅटरी, अर्थिंग (बॅटरीचा निगेटिव्ह खांब इंजिनाला जोडणारी पट्टी), हिटर प्लग (गार इंजिन चालू व्हावं म्हणून आत तापणारा प्लग) किंवा डिझेल फिल्टर, यांतलं काहीतरी निघतं.

मग कंपनी कुठे उपयोगी पडते? पार्ट मिळण्यात. सातपूरला महिंद्राचा कारखाना, इगतपुरीला इंजिनांचा, म्हणून जिल्ह्यात तिच्या गाड्यांवर हात बसलेले फिटर भरपूर. टाटाची 407 1986 पासून रस्त्यावर आहे, तिच्यावर शिकलेले मिस्त्री गावोगाव. लेलँडची दोस्त 2011 ला आली, तीही आता नवखी राहिली नाही. पण वडिलांची 2010 ची गाडी आणि आजची बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांची) यांत नावाशिवाय फारसं काही सारखं नाही. एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल गाडीत सेन्सर आणि धुराचा फिल्टर आला, कित्येक मॉडेलांत धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकीही. स्कॅनर (गाडीला जोडून बिघाड वाचायचं यंत्र) नसलेला जुना ओळखीचा फिटर तिथे फार तर बोनेट उघडून देईल. निष्ठेचा निम्मा फायदा तिथेच संपतो.

म्हणून शोरूमला जाण्याआधी एक काम करा. नाशिक, मालेगाव, धुळे आणि इंदूर इथल्या त्या कंपनीच्या पार्ट काउंटरला फोन लावा. तुम्ही बघताय त्याच मॉडेलचे तीन पार्ट विचारा: हिटर प्लगचा रिले किंवा कंट्रोलर, क्रँक सेन्सर, क्लच प्लेट. आज शेल्फवर आहे का, नसेल तर किती दिवस, किंमत काय. गाडीत फेब्रुवारीतली द्राक्षं असताना धुळ्यात 'चार दिवसांनी येईल' हे उत्तर परवडणार नाही. जिथे तिन्ही पार्ट आज मिळतात ती कंपनी तुमच्या रस्त्यासाठी चांगली, मग ती भावाची असो की वडिलांची. जमलं तर डिसेंबरात पहाटे पाचला आडगावच्या ट्रक टर्मिनलवरही एक चक्कर मारा. कोणती गाडी अर्ध्या सेलवर उठते आणि कोणाचा ड्रायव्हर मिनिटभर सेल मारत बसतो, ते कानांनी कळतं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत हा फरक दिसला की ब्रँडचा वाद आपोआप मिटेल.

जुनी घेणार असाल तर पाहणी पहाटेच करा, आणि येतोय हे मालकाला आधी सांगू नका. आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर तुमच्यासाठी गाडी तापवून ठेवलेली आहे, दुसऱ्या दिवशी या.

बोनेट गार असेल तर तीनेकशे रुपयांचा मल्टिमीटर बॅटरीला लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे निम्मी. सेल मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी गेली. चालू झाल्यावर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. आता मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून पुन्हा सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ही तपासणी फारसं कोणी करत नाही, आणि लोक पट्टी साफ करायची सोडून नवी बॅटरी घेऊन बसतात. मग पट्टी काढायची, दोन्ही टोकं आणि खालचं लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत करायचं, घट्ट आवळून वर व्हॅसलिन लावायचं. वीस मिनिटांचं काम आहे.

धूर बघा. पांढरा धूर, डोळ्यांत झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास, आणि मिनिटभरात साफ: एखादा हिटर प्लग मेलाय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नाही आणि वास गोडसर येतो: कूलंट जळतंय, हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल. यानंतर इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा आणि ते तोंडावर उलटं नुसतं टेकवा. थोडं थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. अशी गाडी मार्चच्या उन्हात छान चालेल आणि डिसेंबरात रोज रडवेल.

हिटर प्लग तपासायला कनेक्टर काढून प्लगचं टोक आणि इंजिन यांमध्ये ओहम मोजा. अर्धा ते दोन ओहम ठीक, काही नव्या प्लगांत त्याहून कमी. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग मेला. बॅटरीची वायर थेट लावून प्लग लाल होतो का बघायची जुनी सवय नव्या गाडीवर चालवू नका. बऱ्याच बीएस-6 गाड्यांचे प्लग 12 व्होल्टचे नसतात, दोन सेकंदांत उडतात. अडकलेला प्लग जोर लावून फिरवायचा नाही. तो हेडमध्ये तुटला तर हेड उतरवावं लागतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि इंजिन कोमट असताना काढा.

डिझेलबद्दल एक गोष्ट आपल्या भागात हमखास चुकते. भारतीय मानकात डिझेलचे हंगाम दोन. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलने 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं पाहिजे, बाकीच्या महिन्यांत मर्यादा 18 अंशांची. तुमच्या शेडमध्ये ट्रॅक्टरसाठी भरलेला ऑगस्टचा ड्रम असेल तर ते उन्हाळी मर्यादेचं डिझेल आहे. जानेवारीत तेच पिकअपमध्ये ओतलं तर पहाटे मेण धरून फिल्टर तुंबू शकतो. गाडी चालू होते, दोनशे मीटर जाते आणि दम सोडते, ही त्याची खूण. हंगामात चालू पंपाचंच भरा आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवा, अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं. फिल्टरच्या तळाचा प्लॅस्टिकचा स्क्रू आठवड्यातून एकदा पाव आटा सैल करा, बाटलीत पाणी पडेल. स्वच्छ डिझेल यायला लागलं की हातानेच बंद करा, पाना लावला तर आटे जातात. मग हातपंप कडक होईपर्यंत मारा, नाहीतर लाइन एअर धरते.

रॉकेल मिसळायचं नाही. आजच्या पंपाला वंगण डिझेलच देतं, रॉकेलने पंप घासतो आणि दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. टाकीखाली बोळा पेटवायचा प्रकार उत्तरेकडच्या रस्त्यांवर दिसतो. प्लॅस्टिकची टाकी आणि वायरिंग असलेल्या गाडीखाली तो केला तर गाडीच पेटेल. स्टार्टिंग स्प्रेही हिटर प्लगच्या इंजिनात नको, तापलेल्या प्लगवर तो भडकतो.

गरम होते म्हणून थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा) काढून टाकलेली गाडी असेल तर तो आधी बसवून घ्या. बहुतेक 80-85 अंशांना उघडतो. तो नसला की थंडीत इंजिन तापतच नाही, डिझेल जास्त जातं आणि धुराच्या फिल्टरमधली काजळी जळत नाही. बागेपासून मार्केट यार्डापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत तर तो फिल्टर लवकरच भरतो. डॅशबोर्डवर त्या फिल्टरचा दिवा लागला की वीस मिनिटं महामार्गावर एकसारख्या वेगाने चालवा, मध्ये बंद करू नका.

युरियाची काळजी करू नका, तो उणे 11 ला गोठतो. सीलबंद कॅन मात्र उन्हात ठेवू नका.

वाशीच्या वाटेवर कसारा घाटात पहाटे धुकं असतं तेव्हा काच आतून धुरकटते, म्हणून या वर्गात एसी असलेलं मॉडेल घ्या, भले थोडे पैसे जास्त जावोत. एसी चालू ठेवून हवा गरम करून काचेवर सोडली की अर्ध्या मिनिटात काच साफ होते. नुसत्या ब्लोअरने तेवढ्या लवकर होत नाही. लाइट डिपरवर ठेवा, अप्परचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांतच येतो.

टायरची हवा पहाटे गार टायरवरच बघा. मागच्या टायरला 65 पीएसआय असेल तर दर 10 अंशांमागे सुमारे अडीच पीएसआय कमी-जास्त होतात. दुपारी 30 अंशांत बरोबर भरलेली हवा पहाटे 6 अंशांत सहा पीएसआयने कमी भरते, आणि नेमक्या त्याच वेळी हौद्यात दीड टन क्रेट असतात.