सोसायटीतल्या गोल्फ कार्टच्या बॅटरी दीड वर्षातच बसल्या, देखभाल कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत गेटपासून टॉवरपर्यंत ज्येष्ठांना ने-आण करायला दोन इलेक्ट्रिक कार्ट आहेत. आधी दिवसभर चालणारी गाडी आता चार फेऱ्यांत बसते आणि विकणारा म्हणतो, पूर्ण सेट बदला. मी खारघरला एका सोसायटीत गेली नऊ वर्षं अशाच तीन गाड्या सांभाळतो. या बॅटरी पळवून मरत नाहीत, उभ्या ठेवून मरतात. त्यामुळे पैसे काढण्याआधी हे वाचा.

तुमच्या गाडीत बहुतेक ४८ व्होल्टचा लेड-ॲसिड सेट असेल, म्हणजे ८ व्होल्टच्या सहा बॅटरी एका रांगेत जोडलेल्या. सीट उचलली की दिसतात. चार्जिंग अर्धं संपलं की गाडी थांबवायची, हा पहिला नियम. आणि रोज रात्री चार्जिंगला लावायचीच, मग दिवसभरात दोनच फेऱ्या झालेल्या असोत. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं. तशीच उभी ठेवली तर त्याचे कडक खडे होतात आणि मग कुठलाच चार्जर ते काढू शकत नाही. आमच्याकडे एका पावसाळ्यात चार्जिंगच्या पॉइंटजवळ पाणी गळत होतं म्हणून वॉचमनने काळजीपोटी वायर काढून ठेवली. गाडी अर्ध्या चार्जवर दहा दिवस उभी राहिली. मी झाकणं उघडून टॉर्च मारला तर प्लेटांवर पांढरट थर दिसला. सेट जेमतेम वर्षाचा होता, पण पूर्वीसारखा परत कधीच चालला नाही. वॉचमनची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती हळहळ मला अजून आहे.

आता पाणी. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक झाकण उघडायचं, एप्रिल-मे महिन्यांत आठवड्याला. पाणी भरायचं ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधी भरलं तर चार्ज होताना पातळी वर येते, ॲसिड बाहेर सांडतं आणि ट्रेचं लोखंड खातं. फक्त प्लेटा उघड्या पडलेल्या असतील तर त्या बुडतील इतकंच आधी घाला, चार्ज करा आणि मग भोकातल्या नळीच्या खालच्या कडेच्या किंचित खालीपर्यंत भरा. काठोकाठ नको. पाणी डिस्टिल्डच हवं, बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो. टाकीचं नको, घरच्या आरओचंही नको, त्यात क्षार उरतातच. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून वापरणारे मी पाहिलेत. दिसायला ते स्वच्छ असतं, पण कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं. आणि ॲसिड स्वतःहून कधीच घालू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

चार्जिंगच्या खोलीबद्दल जरा कडक बोलतो. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. पोडियमखालच्या बंद खोलीत चार्जिंग असेल तर खिडकी किंवा एक्झॉस्ट हवाच. आमच्या खोलीत एका मावशींनी देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावली होती. मी हात जोडून तो फोटो बाहेरच्या भिंतीवर हलवला. नट आवळायचे पाने वापरताना त्यांच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, हातातलं कडं-अंगठी काढा, डोळ्यांवर चष्मा हवा.

आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी फार लवकर येते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा (झाकणं घट्ट लावून, सोडा आत गेला तर सेल, म्हणजे झाकणाखालचा तो कप्पा, गेलाच). मग धुऊन, पुसून, नट आवळून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. सैल नट तापतो आणि टर्मिनल वितळवतो. गाडी धुताना पाइपचा फवारा कंट्रोलरवर, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या डब्यावर, मारू नका. टायरमधली हवाही बघा, हवा कमी असेल तर त्याच रस्त्याला बॅटरी जास्त खर्ची पडते. चौघांच्या गाडीत सहा जण बसवून चढ चढवणंही बंद करा, विशेषतः तुमच्या बाजूला डोंगराकडचे चढ आहेत म्हणून.

तुमचा सेट खरंच गेला का, ते असं कळेल. रात्रभर चार्ज करून सकाळी चार्जर काढा, चार-पाच तास गाडी हलवू नका. मग मल्टिमीटर लावून सहाही बॅटरींचे व्होल्टचे आकडे वहीत लिहा. चांगली बॅटरी ८.४ ते ८.५ दाखवते, पूर्ण सेट ५१च्या आसपास. पाच बॅटरी ८.४ वर आणि एकच ८च्या खाली असेल तर दोष त्या एकीत आहे. हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजायच्या नळीने, प्रत्येक सेल तपासा. चांगला सेल १.२६५ ते १.२८० देतो. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर तो गेलाय. सहाही बॅटरी सारख्याच खाली असतील तर मात्र चार्जर आधी तपासा, बऱ्याचदा तोच अर्धवट चार्ज करत असतो.

एक सांगून ठेवतो. दीड वर्ष जुन्या सेटमध्ये एक नवी कोरी बॅटरी घातली तर जुन्या पाचजणी तिला खाली ओढतात. अगदी नव्या सेटमधली पहिल्या काही महिन्यांत गेली तर बदला, नाहीतर त्याच वयाची वापरलेली चांगली बॅटरी शोधा. लिथियमवर जायचं कमिटीने ठरवलंच तर चार्जरही त्याच प्रकारचा घ्यावा लागेल, जुन्या चार्जरवर लिथियम लावू नका.

आणि दोन गाड्यांसाठी माणूस एकच नेमा, वही त्याच्याकडे, झाकणं तोच उघडणार. आमच्याकडे तेव्हापासून सेट टिकायला लागले. उद्या सकाळचे ते सहा आकडे हातात येईपर्यंत विकणाऱ्याला होकार देऊ नका.