जांघेतला नायटा मलम लावलं की जातो आणि महिन्याभरात परत येतो, असं का होतं?

बहुधा तुमच्या मलमात स्टेरॉइड आहे, किंवा खाज थांबताच तुम्ही ते लावणं सोडून देता. नायटा म्हणजे बुरशीचा संसर्ग. स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन-तीन दिवसांत शमते, पण बुरशी मरत नाही, उलट गुपचूप पसरत राहते. शिवाय जांघेची त्वचा पातळ. तिथे स्टेरॉइडमुळे पडलेले ताणाचे पट्टे (स्ट्रेच मार्क्स) सहसा कायमचे राहतात. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन लिहिलेलं असेल तर ते मलम बाजूला ठेवा. ते सोडल्यावर काही दिवस खाज वाढू शकते, घाबरू नका. नुसतं क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफाइन असलेलं मलम डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा आणि डाग गेल्यावरही आठवडा-दोन आठवडे चालू ठेवा. पायाच्या बोटांमधल्या चिखल्याही बघा. बुरशी अनेकदा तिथूनच वर येते, म्हणून कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी (हसू येईल, पण उपयोग होतो).

मात्र तिथली प्रत्येक खाज नायट्याची नसते. उठावदार गोलसर कडा नसेल, किंवा खुद्द जननेंद्रियावर लाली, फोड, जखम असेल तर ते कँडिडा (वेगळ्या प्रकारची बुरशी), सोरायसिस, नागीण असं काहीही असू शकतं. तेव्हा आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.