साठीच्या भरवशावर कर्ज काढू नका

सातारा जिल्ह्यातील एक वाचक विचारतात: "महसूल खात्यात अव्वल कारकून आहे. वय 56, नोकरी 2005 च्या आधीची, मूळ वेतन 60 हजार. गावच्या घरावर मजला चढवायला 15 लाखांचं कर्ज 4 वर्षांसाठी घेतोय. निवृत्तीचं वय 60 होणार असं कचेरीत सगळे म्हणतात. घेऊ ना?"

निवृत्तीचं वय 60 करण्याची तुम्हा कर्मचाऱ्यांची मागणी रास्तच आहे. केंद्राने 1998 मध्येच 60 केलं, राज्यातले गट ड चे कर्मचारीही साठीलाच निवृत्त होतात. पण पुण्यात खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलांच्या जागा यात दोन वर्षं अडतात, आणि त्यांना दुखवायला कुठलंही सरकार कचरतं. विधिमंडळात विषय निघतो आणि पुढे ढकलला जातो. निवृत्तिवेतन नियमांत आज 58 लिहिलंय. हिशोब त्यावरच करा.

9 टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण 37,300 रुपये. दोन वर्षं तो बिनचूक भरलात तरी निवृत्तीच्या दिवशी 8 लाख 17 हजार शिल्लक राहतात. पगार थांबलेला, मूळ निवृत्तिवेतन 30 हजार आणि वर महागाई भत्ता. त्यातलं 40 टक्के अंशराशीकरण केलंत, म्हणजे निवृत्तिवेतनाचा तेवढा भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेतलेत, तर साधारण 12 लाख हातात येतील खरे, पण दरमहा 12 हजार कमी होतील, तेही 15 वर्षं. वयाच्या 73 व्या वर्षापर्यंत! कर्ज फेडायला हा मार्ग धरू नका, असं मी कळकळीने सांगतो. उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) पैसाही त्यात घालू नका. म्हातारपणी दवाखान्याला तोच लागतो.

त्यापेक्षा 8 लाखच घ्या, 24 महिन्यांत फेडायचे. हप्ता जवळपास तेवढाच, 36,500. कर्ज आणि नोकरी एकाच वेळी संपतील. या पैशात जिना, स्लॅब आणि भिंती होतील का ते गवंड्याकडून लेखी घ्या. गिलावा, फरशी मागाहून करता येते. उद्या खरंच 60 झालं, तर उरलेलं काम त्या दोन वर्षांच्या पगारातून करा. व्याजाचा एक रुपया न देता.

58 लाच निवृत्त झालात तर उपदान आणि भविष्य निर्वाह निधीतला मोठा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, 30 लाखांची मर्यादा आहे. एरवी त्यासाठी साठी लागते. निवृत्त कर्मचाऱ्याला 55 नंतरही चालतं, पण रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं. ती मुदत चुकवू नका.