लाइट गेली की सुरू व्हायलाच हवा : डिझेल जनरेटरची निगा

वीज गेल्यावरच लागणाऱ्या, रेडिएटरवाल्या डिझेल जनरेटरबद्दल वाचकांनी विचारलेले हे प्रश्न. असा जनरेटर चालून झिजत नाही, तो पडून राहून खराब होतो. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ यातच आहे.

प्रश्न : आमचा जनरेटर वर्षाला जेमतेम वीस तास चालतो. ऑइल २५० तासांनी बदला, असं पुस्तिकेत आहे. मग एवढ्यात बदलायची गरज नाही ना?

आहे. पुस्तिकेत तासांच्या शेजारी बहुधा '१२ महिने' असंही लिहिलेलं असतं आणि जे आधी येईल ते धरायचं. इंजिन थोडा वेळ चालून बंद झालं की ज्वलनातून आलेली वाफ आणि आम्लं ऑइलमध्येच राहतात, ती उडून जाण्याइतकं ऑइल तापतच नाही. पुढे महिनोन्‌महिने बेअरिंग त्याच ऑइलात बसून असतात.

बदलण्याआधी दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून ऑइल कोमट करा. मग पॅनल 'ऑफ'वर घ्या, चार्जर बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. 'ऑटो'वर राहिलेला जनरेटर वीज जाताच तुमचा हात आत असतानाही सुरू होईल, म्हणून ही पायरी कधीही गाळू नका. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइलचं बोट फिरवा, फिल्टर हातानेच आवळा. ऑइल भरून, केबल जोडून दोन मिनिटं चालवा, गळती पाहा, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. वरच्या खुणेच्या वर गेलेलं ऑइलही वाईटच. जास्तीचं काढून टाका.

प्रश्न : कूलंट कमी झालं तर नळाचं पाणी घातलं तर चालेल का? हिरव्यात लाल मिसळलं तर?

दोन्ही नको. नळाच्या पाण्यातले क्षार गरम धातूवर थर धरतात आणि क्लोराइड गंज वाढवतं. निम्मं इथिलीन ग्लायकॉल कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी, हे नेहमीचं प्रमाण. ते साधारण उणे ३७ अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही. 'जास्त घट्ट तेवढं चांगलं' हा समज मात्र चुकीचा आहे : नुसतं ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं आणि उष्णताही पाण्यापेक्षा कमी वाहून नेतं. डबा 'प्री-मिक्स' असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका.

रंगावर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असतो. गंजरोधक रसायन कोणतं आहे ते डब्यावर पाहा आणि इंजिनाच्या पुस्तिकेशी जुळवा. मोठ्या डिझेल इंजिनांत लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे फुटतात आणि धातूला खड्डे पडतात. रसायन संपलेलं असेल तर हे खड्डे आरपार जातात आणि पाणी ऑइलात उतरतं.

मुळात कूलंट कमी का होतंय, हे शोधायला हवं. होजच्या क्लिपा, पाण्याच्या पंपाखालचं बारीक भोक आणि रेडिएटर कॅपचं रबर पाहा. बाहेर कुठेच ओल नाही आणि डिपस्टिकवर दुधट फेस दिसतोय, तर इंजिन चालवू नका, मिस्त्रीला बोलवा. गरम इंजिनाचं कॅप उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी उकळून अंगावर येतं. ब्लॉक हीटर (बंद इंजिनातलं कूलंट गरम ठेवणारा हीटर) असेल तर कूलंट काढण्याआधी तो बंद करा आणि पूर्ण भरून हवा निघाल्यावरच चालू करा, नाहीतर कॉइल जळते. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते गोडसर आणि विषारी असतं, मुलं आणि जनावरं दोघांनाही धोका.

प्रश्न : दर आठवड्याला दहा मिनिटं बिनलोड चालवतो. तरी सायलेन्सरमधून काळं तेलकट काहीतरी गळतं.

'तरी' नव्हे, त्यामुळेच. लोड नसला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळीसह सायलेन्सरमध्ये साचतं. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. एनएफपीए ११० या अमेरिकी मानकात डिझेल सेट महिन्यातून एकदा ३० मिनिटं, किमान ३० टक्के लोडवर चालवावा असं सांगितलं आहे. घरी-दारीही हाच हिशेब धरा : ४० किलोवॉटच्या सेटला निदान १२ किलोवॉट. एवढा लोड जमत नसेल तर वर्षातून एकदा लोड बँक (सेटवर कृत्रिम लोड टाकणारं यंत्र) भाड्याने आणून चालवा.

प्रश्न : बॅटरी १३.६ व्होल्ट दाखवते, पण सेल्फ फिरत नाही.

तो चार्जरचा व्होल्टेज आहे. चार्जर बंद करून काही तासांनी मोजा, चांगली बॅटरी १२.६च्या आसपास दाखवेल. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते : तेव्हा ९.६च्या खाली जात असेल तर आधी टर्मिनल घासून आवळा, तरीही तसंच राहिलं तर बॅटरी बदला.

प्रश्न : डिझेल फिल्टर बदलल्यापासून इंजिन सुरूच होत नाही.

लाइनमध्ये हवा आहे. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा, मग स्क्रू आवळा. सेल्फ सलग मारत बसू नका, मोटर जळेल. टाकी भरलेली ठेवा आणि वॉटर सेपरेटरमधलं पाणी दर महिन्याला सोडा.

प्रश्न : कूलंट पूर्ण आहे, तरी लोडवर तापतो.

रेडिएटरच्या जाळीत धूळ बसली असणार. बहुतेक सेटमध्ये पंखा हवा बाहेर ढकलतो, म्हणून कचरा आतल्या बाजूला, पंख्यासमोर साचतो आणि बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. सेट थंड आणि बंद असताना बाहेरून आत, कमी दाबाचं पाणी मारा. अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) आणि पॅनल आधी झाकून घ्या. पट्टाही त्याच वेळी दाबून बघा : सैल पट्ट्याने पंखा नि पंप दोन्ही मंदावतात.