जुन्या कॅल्क्युलेटरचे आकडे का दिसेनासे होतात, आणि सपाट पडदे कधीचे?

ठाण्यात नौपाड्यातल्या घरात सापडलेला जुना कॅल्क्युलेटर सेल बदलूनही कोराच दिसतो, आणि हे सपाट पडदे आले कधी, असं विचारलंय.

1964 मध्ये इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन यांनी प्लाझ्मा पॅनेल, म्हणजे वायू चमकवून चित्र दाखवणारा सपाट पडदा, बनवलं. 1968 मध्ये आरसीए या अमेरिकन कंपनीने तिथल्या हाइलमायर यांच्या गटाचा एलसीडी जाहीर केला, म्हणजे द्रवस्फटिकाचा (द्रवासारखा वाहणारा, पण रेणू स्फटिकासारखे रांगेत असलेला पदार्थ) पडदा. पण कलाटणी दिली ती शाट आणि हेलफ्रिश या संशोधकांच्या 1970 च्या पेटंटने: दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा काही मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा) थर, त्यातल्या रेणूंना 90 अंशांचा पीळ. व्होल्टेज दिलं की पीळ सुटतो आणि पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी फिल्म, प्रकाश अडवतो, म्हणून आकडा काळा दिसतो. हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी 1973 मध्ये घरच्या तापमानाला टिकणारे द्रवस्फटिक दिले. माझ्या मते त्यांना श्रेय फार कमी दिलं जातं.

आता दुरुस्ती. ठाण्याच्या दमट हवेत आधी पोलरायझरची फिल्मच खराब होते. कॅल्क्युलेटर चालू करून पोलराइज्ड गॉगलची काच पडद्यावर धरून हळूहळू फिरवा. आकडे उमटले तर काच शाबूत आहे, वरची फिल्म गेलीय. ती खरवडून नवी लावा. चिकटवण्याआधी फिरवून बघा, पांढरे आकडे काळ्यावर दिसले तर 90 अंश वळवा.

आकड्यांच्या काही रेघाच गायब असतील तर काचेपर्यंत वीज नेणारी, तिच्याखालची रबरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सेलची टोकं थेट काचेला लावून तपासू नका. डीसीने, म्हणजे सेलच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेने, द्रवस्फटिक खराब होतो.